पूर्वसंशोधनाचा संक्षिप्त आढावा : ठाणे परिसरातील शिलाहारकालीन लेखांच्या आधारे

१. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गातील संशोधनप्रकल्प असो, पीएच.डी.चा आराखडा असो वा एखादा शोधनिबंध असो, त्याच्या आरंभी पूर्वसंशोधनाचा आढावा असावा हा संकेत आता सर्वमान्य झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती व संशोधनप्रकल्प यांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामुळे मराठीच्या विद्यार्थ्यांवरही चार-पाच पृष्ठांचा असा आढावा लिहिण्याची वेळ येते. प्रत्यक्षात मात्र हे प्रकरण बहुधा सर्वांत निर्जीव उतरते. अमुक ग्रंथ अमुक साली निघाला, त्यात इतकी प्रकरणे आहेत, लेखकाचे विवेचन उद्बोधक आहे, अशी वाक्ये एकामागून एक येतात. आणि शेवटी ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे ठरलेले विधान येते.

या निर्जीवतेचे कारण विद्यार्थ्यांच्या आळसात शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. आढावा कशासाठी लिहावयाचा हेच त्यांना पुष्कळदा सांगितले गेलेले नसते. प्रस्तुत लेखात शास्त्रीय आढाव्याचे स्वरूप आणि लेखनाची रीत यांचा विचार केला आहे. विवेचनासाठी ठाणे-कल्याण परिसराशी निगडित असलेल्या शिलाहारकालीन कोरीव लेखांचे उदाहरण घेतले आहे. या लेखांच्या अभ्यासाचा इतिहास सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि आढावा नीट न लिहिल्यास काय घडते हे त्यातून स्पष्ट दिसते.

२. आढावा म्हणजे काय?

प्रथम आढावा कशाहून वेगळा आहे हे पाहिले पाहिजे. ग्रंथसूची ही साधनांची नोंद असते. तिने सर्व काही नोंदवावे, निवाडा करू नये. ग्रंथपरीक्षण एका कृतीच्या गुणदोषांची चर्चा करते. वाङ्मयेतिहास कालखंडाचे चित्र उभे करतो. आढाव्याचा केंद्रबिंदू मात्र एक प्रश्न असतो. त्या प्रश्नाविषयी आजवर कोणती विधाने केली गेली, प्रत्येक विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, त्यांपैकी कोणते टिकले, कोणते मागे पडले आणि कोणते अद्याप वादात आहे, याचा ठरावीक दिवसापर्यंतचा निवाडा म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा होय.

ही कल्पना विज्ञानांत विशेष रुजली असली तरी ती केवळ त्यांची नाही. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने १७५३ मध्ये स्कर्व्ही या रोगावर ग्रंथ लिहिला. आपले प्रयोग सांगून तो थांबला नाही. त्या रोगावर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कालानुक्रमे घेतलेला चिकित्सक परामर्श त्याने ग्रंथास जोडला आणि शीर्षकातच त्याचा निर्देश केला. जुन्या लेखनाचा केरकचरा दूर केल्याविना रोगाचे खरे रूप दिसणार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

आढाव्याच्या अभावी काय होते, याचे एक गंभीर उदाहरण विसाव्या शतकात सापडते. अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या मातांना विशिष्ट स्टेरॉईड दिल्यास नवजात बालकांचे प्राण वाचू शकतात, असे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांच्या १९७२ मधील चाचणीतून सूचित झाले. पुढे इतरत्रही चाचण्या झाल्या. पण त्या सर्वांचे निष्कर्ष पद्धतशीरपणे एकत्र करणारा आढावा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर बहुसंख्य डॉक्टरांना या उपचाराच्या परिणामकारकतेची पुरेशी कल्पना नव्हती. ज्ञान अस्तित्वात होते, पण विखुरलेले होते. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश वैद्याच्या नावाने १९९३ मध्ये जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती अशा आढाव्यांसाठीच.

वाङ्मयाच्या अभ्यासात कोणाचा जीव जात नाही हे खरे. पण चुकीचे विधान एका पाठ्यपुस्तकातून दुसऱ्यात आणि तेथून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या जात राहते, ही हानी लहान नव्हे.

३. अंबरनाथचा शिलालेख : दोनशे वर्षांचे अंतर

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळात ठाणे, म्हणजे तेव्हाचे श्रीस्थानक, हे महत्त्वाचे राजकीय केंद्र होते. १७८७ मध्ये ठाण्यात खोदकाम चालू असता अरिकेसरी या शिलाहार राजाचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट सापडला. ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या १७८८ च्या पहिल्याच खंडात त्याचा अनुवाद प्रसिद्ध झाला. भारतीय कोरीव लेखांच्या आधुनिक अभ्यासाच्या अगदी प्रारंभकाळी ठाण्याचे नाव असे जोडले गेले आहे.

कल्याणच्या पुढे काही मैलांवर असलेल्या अंबरनाथ येथील शिवमंदिरातही एक संस्कृत शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला, तेव्हा त्यातील कालनिर्देश शके ७८२ असा घेतला गेला. त्यानुसार मंदिराचा काळ इ.स. ८६० ठरला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख पुन्हा तपासून तो अंक ९८२ असल्याचे दाखविले. म्हणजे काळ इ.स. १०६० झाला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले.

या दोन वाचनांपैकी दुसरे का स्वीकारावयाचे, हे आढाव्यात सांगता आले पाहिजे. ‘भगवानलाल यांनी दुरुस्ती केली’ एवढे म्हणणे पुरेसे नाही, कारण नंतरचे मत हे केवळ नंतरचे म्हणून खरे ठरत नाही. येथे स्वतंत्र पुरावा उपलब्ध आहे. लेखात महामंडलेश्वर माम्वाणि याचे नाव आहे. हा मुम्मुणि या नावानेही ओळखला जातो, आणि तो छित्तराजाचा धाकटा भाऊ होय. छित्तराजाचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ.स. १०२६ चा आहे. धाकट्या भावाचा लेख थोरल्याच्या ताम्रपटापूर्वी सुमारे १६५ वर्षांचा असणे शक्य नाही. अंकाचे वाचन आणि राजवंशाचा क्रम हे दोन वेगळे पुरावे एकाच निष्कर्षाकडे येतात. म्हणून १०६० हे वर्ष ग्राह्य धरावयाचे.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. भगवानलाल यांनी भाऊ दाजींच्या हाताखाली काम केले होते. कोरीव लेखांच्या अभ्यासात ते त्यांचे सहकारी होते. ज्येष्ठाच्या वाचनात त्यांनी केलेली दुरुस्ती ही ज्येष्ठाची अवहेलना नव्हती. त्याच कार्याचा तो पुढचा टप्पा होता. आपल्या विद्यापीठीय लेखनात मतभेद नोंदविताना विद्यार्थी संकोचतो, किंवा उलट टोकाला जाऊन पूर्वसूरींना मोडीत काढतो. दोन्ही वृत्ती आढाव्यास मारक आहेत.

४. ‘आद्य मराठी लेख’ : उघडा राहिलेला प्रश्न

अंबरनाथचा प्रश्न मिटलेला आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक परिचित असलेला ‘मराठीतील आद्य कोरीव लेख कोणता?’ हा प्रश्न तसा मिटलेला नाही. दीर्घकाळ या प्रश्नाचे उत्तर ‘श्रवणबेळगोळ, इ.स. ९८३’ असे दिले गेले. गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी असलेल्या त्या लेखाचा संबंध मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाशी जोडून हा काळ ठरविण्यात आला होता. परंतु तेथील दुसऱ्या ओळीत गंगराजाचा निर्देश आहे, आणि हा गंगराज बाराव्या शतकारंभीचा होयसळांचा सेनापती आहे. दोन्ही ओळी एकाच काळी कोरल्या गेल्या असतील, तर पहिली ओळ चामुंडरायाचे कर्तृत्व सांगत असली तरी ती त्याच्या काळातली ठरत नाही. लेख ज्याविषयी बोलतो तो काळ आणि लेख कोरला गेला तो काळ यांत भेद करावा लागतो.

शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथात श्रवणबेळगोळचा लेख १११६-१७ च्या सुमाराचा मानला आणि अलिबागजवळील अक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ च्या शिलालेखास अग्रस्थान दिले. अक्षीचा लेख शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील आहे, आणि येथेच नवा प्रश्न उद्भवतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशिदेव नावाचे दोन राजे होऊन गेले. पहिला म्हणजे वर उल्लेखिलेल्या ठाणे ताम्रपटातील अरिकेसरी; दुसरा तेराव्या शतकातील, ज्याचा शके ११६१ चा लेख भिवंडी-कल्याण परिसरातील लोनाड येथे सापडला आहे. अक्षीच्या लेखातील केशिदेव पहिला की दुसरा, आणि त्यातील अंकांचे वाचन कोणते, यावर त्याचा काळ सुमारे दोनशे वर्षांनी पुढेमागे होतो. तो दुसऱ्या केशिदेवाच्या काळातील मानणारेही अभ्यासक आहेत. दरम्यान सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी मजकूर असलेला लेख आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. अक्षीच्या लेखाचा जुना काळ अमान्य केल्यास या लेखाचे महत्त्व आपोआप वाढते.

याखेरीज संज्ञेचाही प्रश्न आहेच. जुन्नर-कल्याण मार्गावरील नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखाचा उल्लेख मराठीच्या प्राचीनतेच्या चर्चेत वारंवार येतो. तो लेख प्राकृतात आहे. ‘मराठी’ या शब्दाने केवळ यादवपूर्व-यादवकालीन भाषारूप अभिप्रेत आहे की तिची महाराष्ट्री प्राकृतापासूनची परंपरा, हे आधी सांगितल्याशिवाय ‘आद्य’ या शब्दाला अर्थ राहत नाही. प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आणि त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषा म्हणून दिलेली मान्यता यांमुळे या चर्चेला सार्वजनिक महत्त्व आले आहे. अशा वेळी भाषेविषयीचे प्रेम पुराव्याची जागा घेऊ लागण्याचा धोका असतो. मराठीचा दावा सबळ राहावा असे वाटणाऱ्यानेच तिच्या पुराव्यांचा आढावा सर्वांत काटेकोरपणे घेतला पाहिजे.

५. लेखनाची रीत

वरील उदाहरणांच्या आधारे संक्षिप्त आढाव्याच्या लेखनाची रीत पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(अ) प्रश्न आधी, वाचन नंतर. ‘शिलाहारकालीन लेख’ हा विषय झाला. तो पाच पृष्ठांत मावणार नाही. ‘अक्षीच्या लेखाच्या कालनिश्चितीसाठी कोणते पुरावे दिले गेले आहेत?’ हा प्रश्न झाला. प्रश्न जितका नेमका, तितका आढावा संक्षिप्त होऊनही पूर्ण राहू शकतो. विषय मोठा ठेवून केवळ पृष्ठे कमी केली की जंत्री तयार होते.

(आ) शोधाची नोंद. कोणती ग्रंथालये पाहिली, कोणत्या सूची चाळल्या, कोणत्या वर्षापर्यंतचे लेखन घेतले, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि जुन्या नियतकालिकांच्या सूची यांवाचून मराठीतील शोध अपुरा राहतो, कारण आपल्याकडील पुष्कळसे महत्त्वाचे संशोधन ग्रंथरूप न घेता नियतकालिकांत पडून आहे. ‘शोधगंगा’ या संगणकीय संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध पाहावयास मिळतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील विद्यार्थ्यास ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) व कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना १८६४) जवळ आहेत. मुंबईतील एशियाटिक सोसायटी व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही लोकलच्या टप्प्यात आहेत. या साधनांकडे न जाता ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ असे लिहिणे म्हणजे आपल्या शोधाची मर्यादा विषयाच्या माथी मारणे होय. ‘अमुक ठिकाणी, अमुक वर्षापर्यंत पाहिलेल्या साधनांत या प्रश्नाची स्वतंत्र चर्चा आढळली नाही’ हे वाक्य अधिक प्रामाणिक आहे आणि तपासता येण्यासारखेही आहे.

(इ) मूळ लेखन पाहणे. दुसऱ्याच्या प्रबंधातील आढाव्यावरून आपला आढावा लिहिण्याची प्रथा फार रूढ आहे. जुना अंक सुधारला गेल्यानंतरही लेखनातून फिरत राहतो, तो याच वाटेने. मूळ ग्रंथ पाहता आला नसेल, तर ज्या ग्रंथातून माहिती घेतली त्याचेच नाव द्यावे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून तयार आढावे मिळतात. त्यांत कधीही न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची नावेही येऊ शकतात. जो ग्रंथ उघडून पाहिला नाही, त्याचे नाव आढाव्यात नको, हा जुना नियम त्यामुळे अधिकच आवश्यक झाला आहे.

(ई) मांडणी विधानांनुसार. एका लेखकास एक परिच्छेद ही मांडणी सोपी, पण निरुपयोगी असते. परिच्छेद विधानाचा असावा. एकाच विधानाच्या बाजूचे व विरुद्धचे अभ्यासक त्यात एकत्र यावेत. कालानुक्रम तेव्हाच ठेवावा, जेव्हा नव्या पुराव्याने जुने मत बदलले हे दाखवावयाचे असते.

(उ) क्रियापदांची निवड. ‘सिद्ध केले’, ‘दाखविले’, ‘सुचविले’, ‘मानले’, ‘गृहीत धरले’ ही क्रियापदे समानार्थी नाहीत. भगवानलाल यांनी अंकाचे वाचन दुरुस्त करून दाखविले. श्रवणबेळगोळच्या दोन ओळी एकाच काळच्या असाव्यात, हे अनुमान आहे. सर्वत्र ‘सिद्ध केले’ वापरणारा आढावा वाचकाला पुराव्याचे वजन कळू देत नाही. ‘विद्वत्तापूर्ण’, ‘मौलिक’, ‘उद्बोधक’ ही विशेषणे तर बहुधा गाळताच येतात.

(ऊ) शेवट रिकाम्या जागेवर. आढाव्याच्या अंती काय ठरले, काय ठरले नाही आणि त्यांतील कोणता भाग आपण हाती घेत आहोत, हे सांगावे. आढावा व प्रबंध यांना जोडणारा सांधा तोच असतो.

६. एक नमुना

‘आद्य मराठी कोरीव लेख’ या प्रश्नावरील आढाव्यातील एक परिच्छेद पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

श्रवणबेळगोळच्या लेखाचा इ.स. ९८३ हा काळ त्यातील चामुंडरायाच्या निर्देशावर आधारलेला होता. त्याच ठिकाणच्या गंगराजविषयक ओळीमुळे तो ग्राह्य मानणे कठीण झाले, आणि तुळपुळे (१९६३) यांनी हा लेख १११६-१७ च्या सुमारास आणला. त्यांनी आद्य मानलेल्या अक्षीच्या लेखाचा काळ (इ.स. १०१२) दोन गोष्टींवर अवलंबून आहे : अंकांचे वाचन आणि केशिदेवाची ओळख. या दोहोंबाबत मतभेद आहेत. हत्तरसंग-कुडलच्या लेखाचा काळ (इ.स. १०१८) केशिदेवाच्या ओळखीवर अवलंबून नाही. म्हणून श्रवणबेळगोळच्या लेखास आता आद्य म्हणता येत नाही एवढे म्हणण्यास आधार आहे. अक्षीच्या लेखाचे स्थान मात्र त्याच्या पुनर्वाचनावर ठरेल.

या परिच्छेदात विशेषणे नाहीत, ग्रंथांची प्रकरणवार माहिती नाही, आणि तरीही वाचकास प्रश्नाची आजची स्थिती कळते. पुढच्या अभ्यासकाने नेमके काय करावयास हवे, तेही शेवटच्या वाक्यातून स्पष्ट होते.

७. आढाव्याचे आयुष्य

आढावा कितीही काटेकोर असला तरी तो कायमचा नसतो, याची साक्ष ठाण्याच्याच एका संशोधकाच्या कार्यात मिळते. विनायक लक्ष्मण भावे (१८७१-१९२६) हे विज्ञानाचे पदवीधर आणि व्यवसायाने मिठागरांचे मालक. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ प्रथम १८९८-९९ च्या सुमारास विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’त एका निबंधाच्या रूपात आले. त्या काळी महानुभाव पंथाचे वाङ्मय सांकेतिक लिप्यांच्या आड होते आणि सर्वसामान्य अभ्यासकाच्या आवाक्याबाहेर होते. पुढे वि. का. राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी ते दालन खुले झाले. आणि १९१९ मध्ये ‘महाराष्ट्र सारस्वता’ची विस्तारित आवृत्ती आली, तेव्हा महानुभावांना तीत स्थान मिळाले. भाव्यांच्या मृत्यूनंतर तुळपुळे यांनी या ग्रंथाला पुरवणी जोडली.

पहिला निबंध चुकीचा होता म्हणून दुसरी आवृत्ती निघाली असे म्हणता येणार नाही. उपलब्ध साधनांपुरता तो निवाडा योग्यच होता. साधने वाढताच लेखकाने स्वतः तो बदलला. आढाव्यावर दिनांक असावा असे म्हणावयाचे, ते याच अर्थाने. ‘ज्ञानेश्वरीपूर्वी मराठीत ग्रंथरचना जवळजवळ नाही’ असे एखादे विधान एका वर्षी निरपवाद वाटू शकते, आणि ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ समोर येताच ते मागे घ्यावे लागते. विधान कोणत्या साली केले गेले हे नोंदविले असेल, तर पूर्वसूरींवर अन्याय होत नाही आणि नव्या वाचकाची फसगतही होत नाही.

८. समारोप

संक्षिप्त आढावा हा लांब आढाव्याचा सारांश नव्हे. प्रश्न नेमका करून, साधने स्वतः पाहून, प्रत्येक विधानाखालील पुरावा तपासून आणि त्याचे वजन योग्य शब्दांत सांगून तो सिद्ध होतो. त्याच्या लेखनास बहुश्रुततेइतकीच संयमाची गरज असते. महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. विद्यार्थ्यास वीस ग्रंथांची यादी देण्याऐवजी एकच वादग्रस्त विधान द्यावे. ते प्रथम कोणी केले, कशाच्या आधारे केले आणि आज ते कोठे उभे आहे, हे दोन पृष्ठांत लिहून आणावयास सांगावे. ठाणे, कल्याण, अंबरनाथ, लोनाड या परिसरात अशा विधानांची वाण नाही. या अभ्यासातून विद्यार्थ्यास दोन पृष्ठे लिहिता येतील. आणि छापील शब्दही तपासून घ्यावयाचा असतो, ही जाण त्याच्यात रुजेल. संशोधनाचा प्रारंभ त्या जाणिवेतच आहे.